आधी पान, मग पडदा : मुलांच्या हाती सुपरहिरो कॉमिक देताना

प्रश्न थोडक्यात असा आहे : बडोद्यात दांडिया बाजारात एक छोटं मराठी वाचन मंडळ आहे. दिवाळीच्या सुट्टीत ११ ते १५ वयाच्या दहा-बारा मुलांसाठी तीन दिवस सुपरहिरोंवर काहीतरी करायचं आहे. मुलांनी सिनेमे सगळे पाहिलेत, पण कॉमिक एकानंही धड वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करावी? आणि ‘सिनेमा कॉमिकसारखा नाही’ असं चाहते म्हणतात, म्हणजे नेमकं काय, ते मुलांना कसं दाखवावं?

सुरुवात अकरा पानांच्या गोष्टीपासून करा. ऑगस्ट १९६२मध्ये ‘अमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकात लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅन पहिल्यांदा आणला, ती गोष्ट ११ पानांची आहे. कोळी चावतो, अंगात ताकद येते, पोरगा कुस्तीच्या रिंगणात उतरतो, टीव्हीवर झळकतो, पळणाऱ्या चोराला अडवत नाही आणि पुढे तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. २००२च्या ‘स्पायडरमॅन’ सिनेमाला एवढ्याच गोष्टीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. मुलांना सिनेमा तोंडपाठ असतो, त्यामुळे कथा समजावण्यात वेळ जात नाही आणि सगळं लक्ष फरकाकडे लावता येतं.

या अकरा पानांत तीन जागा थांबून पाहण्यासारख्या आहेत. पहिली चोराची. सिनेमात पीटरला (म्हणजे त्या पोराला, जो पुढे स्पायडरमॅन होतो) एक कारण दिलेलं आहे : कुस्तीचा आयोजक त्याला ठरलेले पैसे देत नाही, म्हणून त्याच आयोजकाला लुटून चोर पळतो तेव्हा पीटर मुद्दाम बाजूला सरकतो. प्रेक्षक म्हणतो, चुकलं त्याचं, पण समजू शकतं. कॉमिकमध्ये असं काहीही कारण नाही. टीव्ही स्टुडिओच्या बोळातून चोर पळत येतो, मागून पोलीस ओरडतो आणि नुकताच प्रसिद्ध झालेला हा पोरगा निव्वळ गुर्मीत जागचा हलत नाही. मुलांना विचारा, कुठला पीटर जास्त दोषी? बारा मुलांत इथे हमखास दोन गट पडतात. ती चर्चा होऊ द्या, पंधरा मिनिटं गेली तरी चालतील.

दुसरी जागा काकांच्या मृत्यूची. सिनेमात काका रस्त्यावर पडलेले आहेत, पीटर त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसला आहे, हातात हात आहे. कॉमिकमध्ये आपण तो मृत्यू पाहतच नाही. पीटर घरी येतो, दारात पोलिसांची गाडी उभी असते आणि एक पोलीस त्याला सांगतो. बस्स. आधीच्या चौकटींत काका हयात आहेत, मग थेट त्यांची बातमी आहे, आणि चौकटींच्या मध्ये फक्त पांढरी पट्टी.

तिसरी जागा ते प्रसिद्ध वाक्य, मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी येते हे. मुलं छातीठोकपणे सांगतील, ते काका म्हणतात. सिनेमात गाडीत बसून काकाच म्हणतात. पण १९६२च्या त्या पहिल्या गोष्टीत ते कुठल्याच पात्राच्या तोंडी नाही. शेवटच्या चौकटीत अंधारात पाठमोरा चालत जाणारा पोरगा आहे आणि वरच्या पट्टीत निवेदकाचा मजकूर आहे, त्यात हे वाक्य येतं. पीटरला ते कुणी शिकवलेलं नाही. काका गेल्यावर ते त्याचं त्याला उमगतं.

इथेच मुलांना मुख्य मुद्दा सांगून टाका, कारण उरलेले दोन दिवस त्याच्यावरच उभे राहतील. कॉमिकमध्ये वेळ वाचकाच्या बोटात असतो. दोन चौकटींमधल्या पट्टीत काय घडलं ते वाचक भरतो आणि किती वेळ घडलं तेही तोच ठरवतो. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं जातात, वेळ दिग्दर्शकाच्या हातात असतो आणि पट्टी उरतच नाही. तिथे काहीतरी दाखवावंच लागतं, किंवा मुद्दाम लपवावं लागतं. चाहते वेशाच्या रंगावरून, ताकदीवरून, कोण कुणाला भारी यावरून भांडतात. त्या भांडणांत रस असायला हरकत नाही, पण ‘कॉमिकसारखा आहे का’ हा प्रश्न खरा इथे विचारायचा असतो : वाचकानं जे भरायचं होतं त्याचं सिनेमानं काय केलं?

आता तयारीचं. दिवसाला दीड तास पुरे. दोन तास झाले की ११ वर्षांची मुलं चुळबुळ करू लागतात. तीन मुलांत एक प्रत या हिशेबानं बारा मुलांना चार प्रती लागतील. चार मुलांत एक दिली की कडेचं मूल पान तिरकं पाहतं आणि मग पाहायचंच सोडतं. ४३ इंची टीव्ही असेल तर मागची रांग आठ फुटांच्या आत बसवा. सिनेमा अख्खा लावू नका. एक तर ओटीटीचं घरगुती सदस्यत्व जाहीर प्रदर्शनासाठी नसतं, आणि दुसरं म्हणजे अख्खा सिनेमा लावला की वर्गाचं खेळघर होतं. स्टुडिओनं स्वतः टाकलेले ट्रेलर आणि छोटे तुकडे भरपूर मिळतात. तीन-चार मिनिटांच्या वर एकही तुकडा नको.

शिवाय जाड कार्डशीटचे इंग्रजी ‘एल’ आकाराचे दोन तुकडे प्रत्येक गटाला कापून द्या, हात १० इंच लांब आणि ३ इंच रुंद. अमेरिकी कॉमिकचं पान साधारण साडेसहा बाय सव्वादहा इंचांचं असतं. हे दोन तुकडे उलटसुलट ठेवले की कुठल्याही मापाची खिडकी होते आणि एकच चौकट उघडी राहते. चित्रकलेचे विद्यार्थी निसर्गचित्राची जागा निवडायला हेच वापरतात. खिडकी नसेल तर मुलाचा डोळा पान उलटताक्षणी खालच्या कोपऱ्यातल्या शेवटावर जातो आणि सगळी मजा तिथेच संपते.

पहिल्याच वाचनात एक गोष्ट बिघडते, आणि ती दर वेळी बिघडते. मुलं ११ पानं तीन मिनिटांत संपवतात. ती फक्त फुग्यांतला मजकूर वाचतात आणि चित्र म्हणजे सजावट समजून ओलांडतात. पाठ्यपुस्तकांनी लावलेली ही सवय आहे, मुलांना दोष देऊ नका. उपाय साधा आहे. पहिल्या फेरीत मजकूर वाचायचाच नाही. कागदाच्या पट्ट्या फुग्यांवर ठेवा (चिकटचिठ्ठ्या नकोत, जुन्या कागदाचा रंग सोलला जातो) आणि नुसत्या चित्रांवरून गोष्ट सांगायला लावा. डिटकोचं पान या परीक्षेत उत्तम उतरतं. त्याच्या चित्रांत हाताची बोटं आणि खांद्यांचा बाकच अर्धं बोलून जातात. दुसऱ्या फेरीत पात्रं वाटून मोठ्यानं वाचा. इंग्रजी कॉमिकचा मजकूर सगळा कॅपिटल अक्षरांत असतो, त्यामुळे मराठी किंवा गुजराती माध्यमातली मुलं अडखळतात. मोठ्यानं वाचलं की ती अडचण निम्म्यानं कमी होते. जाड ठशातल्या शब्दावर जोर द्यायचा, टोकेरी काठाचा फुगा म्हणजे ओरडणं, तुटक रेघेचा म्हणजे कुजबुज, ढगासारखा म्हणजे मनातलं, चौकोनी पट्टी म्हणजे निवेदन. एवढं व्याकरण दहा मिनिटांत येतं.

दुसऱ्या दिवशी पूल घ्या. जून १९७३च्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ १२१व्या अंकात स्पायडरमॅनचा शत्रू ग्रीन गॉब्लिन पीटरच्या मैत्रिणीला, ग्वेन स्टेसीला, पुलाच्या मनोऱ्यावरून खाली पाडतो. कथा गेरी कॉनवेची, चित्रं गिल केनची. ‘डेथ ऑफ द स्टेसीज’ नावाच्या संग्रहात हा अंक मिळतो. पालकांना आधी सांगून ठेवा की गोष्टीत मृत्यू आहे. रक्त नाही.

स्पायडरमॅन जाळं सोडतो, ते तिच्या पायाला लागतं आणि ती पडता पडता हवेत थांबते. खिडकी त्या एका चौकटीवर ठेवा आणि काही न बोलता अर्धा मिनिट पाहू द्या. तिच्या मानेजवळ एक छोटा आवाज लिहिला आहे : ‘स्नॅप’. अक्षरं इतकी बारीक आहेत की पहिल्या वाचनात अनेकांना ती दिसतच नाहीत. पुढच्या चौकटींत तो तिला वर ओढतो, आपण वाचवलं म्हणून खूश होतो, आणि मग त्याला कळतं की ती गेली आहे.

ती कशानं मेली? गॉब्लिन म्हणतो, एवढ्या उंचीवरून पडतानाच, जाळं लागायच्या आधीच ती मेली होती. मानेजवळची ती चार अक्षरं वेगळं सांगतात. पुढे १२५व्या अंकाच्या पत्रव्यवहारात संपादकांनी स्पष्ट केलं की जाळ्यानं एकदम थांबवल्यामुळे मानेला जो हिसका बसला त्यानं ती गेली. म्हणजे नायकाच्या वाचवण्यानंच. पण हे उत्तर पानाबाहेरचं आहे. पानावर हात ठेवून बसलेल्या वाचकाला ते स्वतः ठरवावं लागतं आणि त्यातून सुटका नाही. जाता जाता एक गंमतीची चूकही दाखवा : मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन पूल म्हटलं आहे आणि चित्रातला पूल ब्रुकलिनचा दिसतो.

आता पडदा. २००२च्या सिनेमात हाच प्रसंग क्वीन्सबरो पुलावर येतो. गॉब्लिनच्या एका हातात पीटरला आवडणारी मेरी जेन आहे, दुसऱ्या हातात मुलांनी भरलेल्या, हवेत लटकणाऱ्या ट्रामचा दोर, आणि तो दोन्ही सोडतो. स्पायडरमॅन दोघांनाही वाचवतो. चित्राची मांडणी ओळखीची, पण त्या मांडणीतला प्रश्न काढून टाकलेला. २०१४च्या सिनेमात ग्वेन आहे, पूल नाही. ती घड्याळाच्या मनोऱ्यात पडते. वेग अगदी कमी केलेला आहे आणि तिच्याकडे झेपावणाऱ्या जाळ्याचं टोक हाताच्या पंजासारखं फाकतं. जाळं पोचतं, पण उशिरा. पडद्यावरचं हे दृश्य मनापासून केलेलं आहे आणि त्या जाळ्याचा पंजा विसरता येत नाही. तरी पानाशी त्याचं नातं तपासलं तर दिसतं की दिग्दर्शकानं पांढरी पट्टी संथ गतीनं भरली. काय झालं, किती वेळात झालं, हे त्यानं ठरवलं. शंका ठेवली नाही. कॉमिकमधला पीटर ‘माझ्यामुळे?’ हा प्रश्न घेऊन जगतो. सिनेमातला पीटर ‘उशीर झाला’ हे दुःख घेऊन जगतो. दोन्ही जड आहेत, पण ती वेगळी ओझी आहेत.

त्या छोट्या ‘स्नॅप’वरून मुलांना सगळ्यात जास्त आवडणारा खेळ निघतो. कॉमिकमधले आवाज मराठीत लिहायचे. आपल्या भाषेत या बाबतीत श्रीमंती आहे : धाडकन, सपकन, सर्रकन, काडकन, खळ्ळकन, थप्प, सण्ण, भस्सकन. काच फुटली तर खळ्ळकन, पण फांदी मोडली तर काडकन. हा भेद मुलांना शिकवावा लागत नाही. स्पायडरमॅनच्या जाळ्याचा ‘थ्विप’ कसा लिहाल? ग्वेनच्या मानेजवळ काय लिहाल? ‘काडकन’ लिहिलं तर फार मोठं होतं, प्रसंग नाटकी होतो. बहुतेक मुलं दोन-तीन प्रयत्नांनंतर ‘कट्’वर येतात, आणि तेही बारीक अक्षरात. अक्षराचं माप म्हणजेच आवाज, हे त्या क्षणी हाताला कळतं. दांडिया बाजारातली मुलं मराठीबरोबर गुजराती आवाजही आणतील, त्यांना अडवू नका.

याच दिवशी २०१८चा ‘स्पायडरमॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ हा ॲनिमेशनपट घ्या. पानाची भाषा पडद्यावर नेण्याचा इतका विचारपूर्वक प्रयत्न दुसरा सापडणं कठीण. रंगांत छपाईचे ठिपके दिसतात, सावलीत रेघा मारलेल्या दिसतात, कोळी चावल्यावर माइल्सचे, म्हणजे यातल्या नव्या स्पायडरमॅनचे, विचार चौकोनी पट्ट्यांत उमटतात. वेगात हलणाऱ्या वस्तूमागे सिनेमात एरवी जो धूसरपणा असतो तो इथे टाळलेला आहे, त्यामुळे कुठेही थांबवलं तरी चित्र स्वच्छ मिळतं. पण खरी करामत मोजून दाखवण्यासारखी आहे. जंगलातल्या पाठलागात अनुभवी पीटरच्या अंगाची स्थिती प्रत्येक फ्रेमला बदलते, सेकंदाला २४ वेळा. नवख्या माइल्सची स्थिती दोन-दोन फ्रेम तीच राहते, म्हणजे सेकंदाला १२. एकाच चित्रात दोघं झोके घेतात आणि माइल्स अडखळतोय हे कुणी न सांगता कळतं. पुढे तो शिकतो तशी त्याची हालचालही गुळगुळीत होते.

हे मोजायला संगणकावर यूट्यूबवर अधिकृत ट्रेलर लावा, थांबवा आणि पूर्णविरामाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा, स्वल्पविरामाच्या कळीनं मागे. माइल्स स्थिर आणि मागची झाडं सरकलेली, असं दिसलं की तीच ती जागा. इथे एक फसगत होते. कुणीतरी परत चढवलेला, सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ असला तर दर पाचात एक फ्रेम पूर्णच्या पूर्ण दुहेरी येते. झाडंसुद्धा थांबतात. मुलं म्हणतात, बघा, पीटरपण थांबला! सगळं चित्र थांबत असेल तर दोष व्हिडिओचा, फक्त पात्र थांबत असेल तर ती कला. मोबाइलवर हे जमत नाही, त्यामुळे संगणक आधीच जोडून पाहा.

याला जोडून चिकटचिठ्ठ्यांची तीन इंची गड्डी प्रत्येक मुलाला द्या. २४ चिठ्ठ्यांवर उसळणारा चेंडू, दर चिठ्ठीला थोडा सरकलेला. दुसऱ्या २४ चिठ्ठ्यांवर बाराच स्थिती, प्रत्येक दोनदा. दोन्ही एका सेकंदात फरफर उलटून पाहा. चित्र काढायला नेहमी खालच्या चिठ्ठीपासून सुरुवात करायची, म्हणजे वरची चिठ्ठी टेकवली की खालची रेघ पुसट दिसते. गडद रंगाच्या चिठ्ठ्या आणल्या तर ती दिसणार नाही, फिकट पिवळ्या आणा.

वेशभूषेवर मुलं न विचारता येतीलच. थोडक्यात सांगायचं तर कॉमिकमधलं कापड म्हणजे शाई असते, तिला सुरकुती पडत नाही. २०००च्या ‘एक्स-मेन’मध्ये पिवळा-निळा वेश सोडून काळं चामडं आलं ते याच भीतीनं. १९८९च्या बॅटमॅनचा रबरी मुखवटा मानेला जोडलेला होता, म्हणून नटाला मान वळवायला अख्खं धड फिरवावं लागे. २००८च्या ‘द डार्क नाइट’मध्ये मुखवटा मानेपासून सुटा केला तेव्हा डोकं हललं. पण सगळ्यात मोठी अडचण डोळ्यांची आहे. डिटकोच्या पानावर मुखवट्याचे पांढरे डोळे भावनेप्रमाणे बारीक-मोठे होतात आणि वाचकाला ते खटकत नाही. २००२च्या सिनेमात तेच डोळे घट्ट बसवलेले आहेत, त्यामुळे स्पायडरमॅन आणि गॉब्लिन गच्चीवर बोलतात तेव्हा दोन खेळणी बोलल्यासारखी वाटतात. सिनेमा मला अतिशय प्रिय आहे, तरी तो प्रसंग पडतो. २०१६मध्ये ‘सिव्हिल वॉर’मध्ये डोळ्यांना उघडझाप होणारे पडदे दिले आणि पानावरचा चेहरा पडद्यावर परत आला. मुलांना फक्त दोन डोळ्यांचा मुखवटा काढून राग, भीती, आश्चर्य आणि कंटाळा दाखवायला सांगा. तोंड काढायचं नाही. कंटाळा सगळ्यात अवघड जातो.

कुणीतरी हुशार मूल विचारेल, मग कॉमिक हेच खरं आणि सिनेमा नक्कल का? तसं नाही, आणि याला पुरावे आहेत. १९३८च्या पहिल्या अंकात सुपरमॅन उडत नव्हता. तो उडी मारायचा, एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे २०० मीटर. फ्लायशर स्टुडिओच्या कार्टूनपटांत, १९४१पासून, ती उडी हास्यास्पद दिसू लागली म्हणून तो उडायला लागला. त्याला दुबळा करणारा क्रिप्टोनाइट १९४३मध्ये रेडिओवर आला आणि कॉमिकमध्ये १९४९ साली. हार्ली क्विन १९९२च्या बॅटमॅन कार्टून मालिकेत जन्मली, पानावर नंतर गेली. शक्तिमान तर आपल्याकडे १९९७मध्ये थेट दूरदर्शनवरच अवतरला.

आणि घरच्या मोठ्यांना बोलतं करायचं असेल तर वेताळ आहेच. ली फॉकचा फँटम फेब्रुवारी १९३६चा. १९६४पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सनं तो इथे घरोघरी नेला आणि मराठीत तो वेताळ झाला. फॉकच्या मनात त्याचा वेश करडा होता. १९३९मध्ये रविवारची रंगीत पानं छापताना तो जांभळा झाला आणि जांभळाच राहिला. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटलीत लाल. त्याच्या जंगलाच्या देशाचं मूळ नाव ‘बेंगाली’ होतं. इथे छापताना ते ‘डेंकाली’ केलं, कारण आपल्या वाचकाला बंगाल आठवला असता. म्हणजे सिनेमा यायच्या कितीतरी आधी, छापखान्यात आणि भाषांतरात, रूपांतर सुरू झालेलं असतं. बडोद्यात जुन्या घरांत इंद्रजालचे गठ्ठे अजून असतात. मुलांना ते शोधून आणायला सांगा.

तीन दिवसांनंतर मुलांच्या हाती काय द्यायचं, यावर माझं मत पक्कं आहे : ‘मिस मार्व्हल’चा पहिला संग्रह. २०१४चे पहिले पाच अंक, लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली १६ वर्षांची कमला खान. रात्री उशिरा बाहेर जायला बंदी, भावाचं देवधर्म, आईचा जीव टांगणीला. बडोद्यातल्या मराठी घरातल्या मुलीला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. पानावर तिची ताकद अंग बदलण्याची आहे : हात मोठा होतो, शरीर ताणतं, आणि पहिल्यांदा ताकद आली तेव्हा ती सोनेरी केसांची गोरी नायिका होते, कारण नायिका तशीच असते असं तिला वाटत असतं. स्वतःच्या अंगात परत येणं हीच त्या गोष्टीची वाट आहे. २०२२च्या मालिकेत तिची ताकद पणजीच्या बांगडीतून येते आणि प्रकाशाचे घट्ट तुकडे बनवते. दिसायला देखणं आहे. शिवाय बांगडीमुळे फाळणीचा धागा मालिकेच्या मध्यभागी आला, ती मोठी कमाई. पण गोरं होण्याची ती ओढ आणि ती टाकून देणं ताकदीबरोबरच गळून पडलं. वेशाचंही पाहा. पानावर ती आपल्या बुर्किनीचा वेश करते, घरच्यांना न सांगता. मालिकेत वेश आईच देते. मला पानावरचं गुपित जास्त खरं वाटतं.

महागड्या ‘महायुद्ध’ छापाच्या जाडजूड पुस्तकापासून सुरुवात करू नका, ज्यात चाळीस नायक एकत्र येतात. सिनेमा आवडला म्हणून मुलं तेच मागतात, दहाव्या पानावर कोण कोण हे कळेनासं होतं आणि कॉमिक कायमचं सुटतं. सुटा अंक २०-२२ पानांचा असतो, संग्रहात असे पाच-सहा. पाठीवर ‘पहिला खंड’ लिहिलेलं आणि एकाच लेखकाचं असेल ते घ्या. ‘वॉचमेन’ मुलांसाठी नाही, पण वर्ग घेणाऱ्यांनी जरूर वाचावं. १९८६-८७चे बारा अंक, पानाला बहुधा नऊ चौकटी. पाचव्या अंकाची पानं मधल्या जोडपानाभोवती आरशासारखी मांडली आहेत, पहिल्याची जोडी शेवटच्याशी. हे वाचकाला मागे-पुढे पानं उलटता येतात म्हणूनच दिसतं. २००९च्या सिनेमानं चौकटी कितीही निष्ठेनं उतरवल्या तरी हे त्याच्या हातात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलांना रावपुऱ्याजवळच्या तांबेकर वाड्यात न्या. एकोणिसाव्या शतकातलं दिवाणांचं घर आहे, आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. वेळ आधी विचारून घ्या आणि फ्लॅश वापरू देऊ नका. भिंतींवर महाभारत, कृष्णकथा चौकटी-चौकटींत रंगवलेली आहे. मुलांना एकच काम द्या : शेजारच्या दोन चौकटी निवडायच्या आणि मधल्या काठात काय घडलं ते तीन ओळींत लिहायचं. दोन दिवस पांढरी पट्टी पाहिलेल्या मुलांना इथे काही शिकवावं लागत नाही. परतताना एवढं सांगा की याच शहरात सयाजीरावांसाठी राजा रविवर्म्यानं पौराणिक चित्रं रंगवली, इथल्याच कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले, आणि १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची सुरुवात त्यांनी रविवर्म्याच्या चित्रावरून बेतली. चित्र पडद्यावर नेण्याचं काम आपल्याकडे सिनेमाच्या पहिल्याच दिवशी सुरू झालं आहे.

संध्याकाळी उलटा प्रवास. कुठल्याही सुपरहिरो सिनेमातला एक मिनिटाचा तुकडा, आवाज बंद करून, तीनदा दाखवा. मग ए-फोर कागद आडवा दुमडून चार पानांची पुस्तिका, पानाला जास्तीत जास्त पाच चौकटी. आधी पेन्सिलीनं ठोकळे आणि फुगे, फुग्यात मजकूर लिहून मगच त्याची बाह्यरेषा. मुलं आधी फुगा काढतात आणि शब्द मावत नाहीत, मग अक्षरं काठाला चिकटतात. फुग्यात वीस-बावीसपेक्षा जास्त शब्द नकोत. आधी बोलणाऱ्याचा फुगा डावीकडे वर, नाहीतर उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जातं. मोठा धक्का उजव्या पानावर खाली ठेवायचा नाही, पान उलटल्यावर पहिल्या चौकटीत ठेवायचा. चार पानांत असं उलटणं दोनदाच येतं, पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना, म्हणून धक्का दुसऱ्या किंवा चौथ्या पानाच्या सुरुवातीला. मारामारीचे सगळे ठोसे काढायला मुलं धावतील. त्यांना सांगा, हात वर उचललेला एक आणि भिंत फुटलेली एक, मधला ठोसा वाचणाऱ्यावर सोडा. शाई शेवटी, काळ्या बॉलपेननं नको, जेल पेननं, आणि डावखुऱ्या मुलांनी उजवीकडून सुरुवात करावी म्हणजे हात फिरून पान काळं होत नाही.

घरून आणलेले इंद्रजाल त्याच दिवशी परत पाठवा. त्यांना सेलोटेप लावू देऊ नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. पॉलिप्रोपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून, उभे ठेवले तर पुढचा पावसाळाही निभावतील. पिना गंजायला लागल्या असतील तर आधी त्या काढून घ्या.